श्वास वाचणारी प्रकाशाची फणी

रक्ततपासणीची वेळ आली की उतारवयात मन थोडे कचरतेच. शीर लवकर सापडत नाही, टोचल्या जागी काळेनिळे होते. ‘नुसत्या फुंकरीवर निदान झाले तर?’ असा विचार आपल्याही मनात आला असेल. त्या दिशेने चाललेल्या एका संशोधनाची आज ओळख करून घेऊ.

आपल्या उच्छ्वासात शेकडो वायू अत्यल्प प्रमाणात असतात. मधुमेह हाताबाहेर गेला की त्यात ॲसिटोन वाढते, मूत्रपिंडे थकली की अमोनिया वाढतो. प्रत्येक वायूचा रेणू प्रकाशातील ठरावीक रंगच शोषून घेतो. त्यांतील बरेचसे रंग डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त असतात. कोणते रंग मंदावले हे पाहिले, की रेणू ओळखता येतो.

हे काम करते लेसरची ‘प्रकाशफणी’. फणीच्या दातांप्रमाणे समान अंतरावर असलेले हजारो रंग तिच्यात एकाच वेळी असतात. ती विकसित करणारे जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श हे २००५ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. अमेरिकेतील बोल्डर येथील ‘जिला’ संस्थेत जुन ये यांच्या गटाने २००८ मध्ये ही फणी मानवी श्वासावर वापरून पाहिली. श्वासाचा नमुना दोन आरशांमध्ये ठेवतात. प्रकाश त्यातून हजारो वेळा ये-जा करतो, त्यामुळे वायूचा लवलेशही नजरेतून सुटत नाही. २०२३ मध्ये याच गटाने १७० जणांच्या श्वासावरून कोविडचा संसर्ग ओळखण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचे निष्कर्ष पीसीआर चाचणीशी बऱ्याच अंशी जुळले, पूर्णपणे मात्र नाहीत.

म्हणूनच आशा बाळगावी, परंतु घाई करू नये. हे यंत्र अद्याप प्रयोगशाळेतच आहे. त्याच्या भरवशावर साखरेची वा मूत्रपिंडाची नेहमीची तपासणी टाळू नये. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू शोधणारी श्वासचाचणी मात्र आजही उपलब्ध आहे. गरज असल्यास डॉक्टर ती सुचवतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला अतिपिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला आणि सोबत उलट्या, खोल व जलद श्वास किंवा गुंगी दिसली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रकाशाची फणी घरोघरी येईल तेव्हा येवो; तोवर आपल्या माणसाच्या श्वासाकडे आपलेच लक्ष हवे.