बर्फ हटवणाऱ्या गाडीचे वय कोण ठरवणार?

झोजिला खिंड २०२५ साली १ एप्रिलला वाहतुकीसाठी पुन्हा खुली झाली. त्या हिवाळ्यात ती ३२ दिवस बंद राहिली होती. २०२३ मध्ये हा काळ ६८ दिवसांचा होता, २०२२ मध्ये ७३ दिवसांचा. त्यापूर्वी अनेक दशके काश्मीर आणि लडाख यांना जोडणारा हा रस्ता वर्षातले पाच-सहा महिने बंद असणे हा निसर्गक्रमच मानला जात असे. सीमा रस्ते संघटनेच्या ‘बीकन’ आणि ‘विजयक’ या दोन प्रकल्पांची माणसे दोन्ही बाजूंनी बर्फ कापत एकमेकांना येऊन भेटतात, तेव्हा खिंड उघडते. या यशाचे कौतुक झाले ते योग्यच होते. मात्र दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या छायाचित्रांत बर्फाच्या दोन भिंती, मधला काळा रस्ता आणि पहिल्या वाहनाला दाखवलेला झेंडा एवढेच दिसते. ज्या यंत्राने त्या भिंती कापल्या ते उन्हाळ्यात कोठे उभे राहते, त्याची दुरुस्ती कोणत्या महिन्यात होते आणि तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते हिवाळ्याचा खरा निकाल तेथेच लागतो.

मी राहतो त्या जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बर्फ केवळ सरबताच्या पेल्यात दिसतो. आमच्याकडे पारा शून्याखाली गेल्याची बातमी येते ती शेखावाटीतल्या फतेहपूरहून, आणि तीही गोठलेल्या दवापुरती. तरीही हा विषय येथे परका नाही. झुंझुनू आणि सीकर या जिल्ह्यांतील घराघरांतून मुले सैन्यात जातात. खिंड केव्हा उघडणार याची चौकशी शेखावाटीच्या ढाण्यांमध्येही होते. दुसरे कारण अधिक कोरडे आहे. सिव्हिल लाइन्स ही सरकारी बंगल्यांची वस्ती, म्हणून सरकारी वाहनांचीही वस्ती. पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या गाड्या आल्या, पण कडुलिंबाखाली टायर जमिनीत रुतलेली, कोणाच्याच हिशेबात नसलेली एखादी गाडी हे या रस्त्यांचे कायमचे दृश्य होते. ते अलीकडे विरळ होऊ लागले आहे, आणि त्याला कारण झालेल्या नियमाविषयी मला लिहायचे आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्ये, महापालिका, सार्वजनिक उपक्रम अशा सर्व शासकीय यंत्रणांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षे पूर्ण होताच संपुष्टात येते. तिचे नूतनीकरण होत नाही आणि वाहन नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावे लागते. अपवाद आहे तो देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी प्रत्यक्ष कार्यात वापरल्या जाणाऱ्या चिलखती व इतर विशेष वाहनांचा. या वाक्यरचनेकडे नीट पाहावे. लष्करासाठी रस्ता उघडा ठेवणारे यंत्र अपवादात बसवता येईल. परंतु डोंगरी राज्याच्या बांधकाम विभागाची, काश्मीरच्या यांत्रिकी अभियांत्रिकी विभागाची किंवा एखाद्या नगरपालिकेची बर्फ हटवणारी गाडी, जी तालुक्याच्या रुग्णालयाचा रस्ता मोकळा करते, ती यांपैकी कशात मोडते? शब्दशः वाचले तर कशातच नाही. अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका यांचाही नियमाच्या शब्दांत उल्लेख नाही.

गंमत अशी की खासगी मालकाच्या मोटारीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, शुल्क भरून पुढील पाच वर्षांची नोंदणी मिळू शकते. म्हणजे नागरिकाच्या गाडीची प्रकृती पाहिली जाते, शासनाच्या गाडीची केवळ जन्मतारीख.

आता यंत्राकडे वळू. बर्फ हटवणारी गाडी म्हणजे बहुधा ट्रकच्याच सांगाड्यावर पुढे पाते किंवा बर्फ कापून दूर फेकणारी चक्री बसवलेले वाहन. तिचे वर्ष तीन-चार महिन्यांचे असते. उरलेला काळ ती उभी असते. उभे राहणे यंत्राला विश्रांती वाटते असे आपण समजतो. प्रत्यक्षात उभ्या गाडीचे रबरी सील कडक होतात, हायड्रॉलिक नळ्यांना तडे जातात, टाकीत पाणी साठते, बॅटरी मरते. मग एके रात्री दोन फूट बर्फ पडतो आणि तिच्याकडून तात्काळ सेवेची अपेक्षा केली जाते. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला अधिक ताकद लागते. साध्या डिझेलमधील मेण थंडीत साकळते व फिल्टर बंद होतो. यावर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. ही मोलाची सुधारणा होती. परंतु डिझेल बदलल्याने वीस वर्षांचा पंप नवा होत नाही.

सेवेत असताना एका केंद्रीय पथकाबरोबर मी उत्तरेकडील एका डोंगरी जिल्ह्यात जानेवारीत गेलो होतो. तेथील विभागाकडे अशी दोनच वाहने होती. एक सुट्या भागाअभावी बंद आणि दुसरे चालू, म्हणजे कसेबसे चालू. पहाटे चालकाने पत्र्याच्या तसराळ्यात निखारे भरून ते इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली सरकवले, एअर टाकीचा नळ उघडून पाणी काढून टाकले आणि तासाभराने सेल्फ मारला. मी त्याला विचारले की रोज असेच करावे लागते का. तो म्हणाला, “नाही साहेब, बर्फ पडायला लागला की मी ती बंदच करत नाही. ही गाडी एकदा थंड झाली की माझ्या भरवशावर राहत नाही.” रात्रभर इंजिन नुसते चालू ठेवायचे आणि आपण केबिनमध्येच झोपायचे, ही त्याची व्यवस्था होती.

विभागाच्या कार्यालयात मी त्या गाडीची नस्ती पाहिली. लॉगबुकमध्ये रकाने होते ते किलोमीटरचे आणि लिटरचे. रात्रभर जागच्या जागी चाललेल्या इंजिनाने डिझेल खाल्ले, किलोमीटर मात्र शून्य. लेखापरीक्षणाने त्यावर आक्षेप घेतला होता: प्रति किलोमीटर इंधनवापर मानकापेक्षा कितीतरी अधिक, सबब जादा इंधनाची किंमत संबंधिताकडून वसूल का करू नये? नोटीस चालकाच्या नावे होती. लेखापरीक्षकाला दोष देता येत नाही. त्याच्यासमोर जे रकाने होते त्यांवरून त्याने काढलेला निष्कर्ष अचूक होता. रकाना ट्रकचा होता आणि काम ट्रकचे नव्हते. बांधकाम यंत्रांना जसे इंजिन-तासांचे मीटर असते तसे येथे असते तर आक्षेपच उद्भवला नसता. वसुली पुढे रद्द झाली, पण त्याला दोन हिवाळे लागले, आणि त्या दोन हिवाळ्यांत रात्री इंजिन चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगाराच्या जोखमीवर घेतला.

चक्रीच्या यंत्रात शिअर पिन नावाची एक क्षुल्लक वस्तू असते. हिमस्खलनाने रस्त्यावर नुसता बर्फ येत नाही. दगड येतात, झाडांचे बुंधे येतात. चक्रीत दगड अडकला की ही मऊ धातूची पिन मोडते आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. पिन मोडण्यासाठीच असते. ती साठ्यात नसेल तर काम थांबते, आणि काम थांबवणे परवडत नाही म्हणून माणूस बाजारातला कडक पोलादी बोल्ट ठोकतो. पुढचा दगड आला की बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. काही रुपयांच्या पिनेची मागणी वेळेत मंजूर झाली नाही म्हणून काही लाखांचे यंत्र हंगामभर बंद, ही घटना कोणत्याही अहवालात ‘यांत्रिक बिघाड’ अशीच नोंदली जाते.

तो बिघाड खरे तर वित्तीय असतो. आपल्या अर्थसंकल्पीय व्यवस्थेत यंत्राची खरेदी भांडवली खर्चात आणि देखभाल महसुली खर्चात पडते. भांडवली खर्च हा सद्गुण आणि महसुली खर्च हा दुर्गुण, अशी जी समजूत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे, तिचा पहिला बळी देखभाल असते. नव्या यंत्राला उद्घाटन मिळते, केंद्राचे साहाय्यही मिळते. जुनी शासकीय वाहने भंगारात काढण्यासाठी राज्यांना २०२३-२४ च्या भांडवली साहाय्य योजनेत ३,००० कोटी रुपयांचा स्वतंत्र वाटा होता. अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना त्याच वर्षी आली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्या पैशातून घेतलेल्या यंत्राच्या पिना, फिल्टर आणि नळ्या पाचव्या वर्षी कोण पुरवणार, हे राज्याच्या महसुली तरतुदीवर सोडलेले असते, आणि ती तरतूद हप्त्याहप्त्याने सुटते. दुरुस्तीचा योग्य काळ जून ते सप्टेंबर. पैसा मोकळा होतो तो बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात, बर्फ पडू लागल्यावर. आणि मार्चमध्ये तो खर्च करण्याची घाई होते तेव्हा बर्फ वितळत असतो.

खरेदीचीही तीच कथा. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाले आणि शासकीय खरेदी जीईएम या संगणकीय बाजारपेठेकडे गेली. खुर्च्या, संगणक, नव्या मोटारी यांसाठी ती उत्तम आहे. उत्पादन थांबलेल्या यंत्राचा पंप मात्र बाजारपेठेच्या यादीतून मिळणारी वस्तू नव्हे. तो एखाद्या खरादवाल्याकडून घडवून घ्यावा लागतो, आणि खरादवाल्याकडे तीन दरपत्रके नसतात. केंद्राने याबाबत एकदा शहाणपण दाखवले आहे. २०१७ मध्ये सीमा रस्ते संघटनेच्या महासंचालकांचे यंत्रखरेदीचे अधिकार १०० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. त्यापूर्वी ते देशी यंत्रांसाठी साडेसात कोटी आणि आयातीसाठी तीन कोटी एवढेच होते. झोजिलाचे दिवस ७३ वरून ३२ वर आले त्यात हवामानाचा वाटा आहेच, पण अधिकार कामाच्या जागी पोचले याचाही आहे, असे मला वाटते. राज्यांच्या विभागांतील कार्यकारी अभियंत्यापर्यंत तसे काही पोचलेले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट नोंदवतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली स्टुअर्ट रणगाडे झोजिलावर चढले. युद्धेतिहासात तो रणगाड्यांचा पराक्रम म्हणून नोंदला गेला. रणगाडे तेथवर नेता यावेत म्हणून खेचरांची वाट रुंद करणारे मद्रास सॅपर्स वाचकांच्या स्मरणात क्वचितच असतात. १९६० मध्ये सीमा रस्ते विकास मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद स्वतः पंतप्रधानांकडे होते, आणि त्या पिढीची वाहने जबलपूरच्या कारखान्यात जर्मन परवान्यावर बनलेले शक्तिमान ट्रक होते. ते १९९६ पर्यंत बनत राहिले. ते दीर्घकाळ टिकले त्याचे एक कारण साधे होते: सुटे भाग, कारागीर आणि कार्यशाळा एकाच व्यवस्थेत होत्या.

पंधरा वर्षांच्या नियमामागे तर्कच नाही असे मी म्हणणार नाही. वय हे एकच असे माप आहे ज्यात हस्तक्षेप करता येत नाही. पूर्वी गाडी कंडम करण्याच्या समित्या असत, आणि धडधाकट गाडी कंडम होऊन कोणाच्या तरी अंगणात जाणे किंवा मेलेल्या गाडीवर वर्षानुवर्षे दुरुस्तीची बिले निघणे, हे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. प्रदूषणाचा मुद्दाही आहे. राजस्थानातील अलवर आणि भरतपूर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला. २०२५ मध्ये तो प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला तेव्हा वादाचा गाभा हाच होता की गाडीचे वय पाहायचे की तिचा धूर. शहरातील मोटारींबाबत वय हे माप चालवून घेता येईल. वर्षातले शंभर दिवस चालणाऱ्या आणि त्या शंभर दिवसांत एक रात्रही चुकता न येणाऱ्या यंत्राबाबत ते दोन्ही बाजूंनी फसते. पंधराव्या वर्षी चांगले यंत्र भंगारात जाते आणि आठव्या वर्षी मेलेले यंत्र आणखी सात वर्षे कागदावर ‘उपलब्ध’ राहते. मला दुसऱ्याची चिंता अधिक वाटते, कारण जिल्ह्याचा आपत्ती आराखडा त्या कागदावरून तयार होतो. रस्ता बंद पडलेल्या रात्री बाळंतिणीला खाली आणायचे असते तेव्हा आराखड्यात दोन गाड्या असतात आणि आवारात एकही चालत नाही.

झोजिलाखालून जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा बोगदा पूर्ण झाला की हा प्रश्न संपेल, असे काही मित्र म्हणतात. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. रोहतांग चढावा लागत नाही, पण बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता आजही बर्फ पडला की यंत्रानेच मोकळा करावा लागतो. बोगदा महामार्गाची सोय करतो. महामार्गापासून आत गेलेल्या गावाच्या वाटेवर राज्याची तीच जुनी गाडी असते.

मंत्रालयाला करण्यासारखे काम फार मोठे नाही. अपवादाच्या वाक्यात आपत्ती निवारण आणि अत्यावश्यक सेवा यांच्या विशेष वाहनांची भर घालावी, आणि हा अपवाद फुकटचा न ठेवता दरवर्षीच्या स्वयंचलित चाचणी केंद्रातील तपासणीशी बांधावा. या वाहनांना इंजिन-तासांचे मीटर सक्तीचे करून लॉगबुकचे नमुने बदलावेत. महालेखापालांचे कार्यालय नव्या नमुन्यावरून तपासणी करण्यास नकार देईल असे मला वाटत नाही. भांडवली साहाय्याने घेतलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर दहा वर्षांच्या देखभालीचा करार आणि सुट्या भागांचा साठा खरेदीच्या किमतीतच धरावा. राज्यांच्या वित्त विभागांनी हिवाळी यंत्रांची दुरुस्ती-तरतूद एप्रिलमध्येच पूर्ण मुक्त करावी. आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांनी आवारात उभे राहून प्रत्येक गाडी थंड इंजिनानिशी सुरू करून दाखवायला सांगावी. जी सुरू होणार नाही तिचे नाव त्या हिवाळ्याच्या आराखड्यातून त्याच दिवशी खोडावे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याकडून किंवा सीमा रस्ते संघटनेकडून यंत्र मागायला निदान एक महिना हाती राहील.