सहल : किती ठिकाणं, की काय पाहिलं?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला, "सर, यंदा किती ठिकाणं?" जास्त ठिकाणं म्हणजे चांगली सहल, असं आपण सगळ्यांनीच धरून ठेवलंय. पहाटे चारला गाडी सुटते, रात्री अकराला परत येते. मीही अशा सहली काढल्या आहेत. एकदा दुसऱ्या दिवशी वर्गात 'मी काय पाहिलं?' हे लिहायला दिलं. निम्म्या वह्यांत जेवण, गाडीतली गाणी आणि कुणाला उलटी झाली ते! दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना फिरवून आणलं होतं, दाखवलं काहीच नव्हतं.

म्हणून माझं मत असं, की शाळेची सहल जवळची, एका दिवसाची आणि एकाच ठिकाणाची असावी. ते ठिकाण मुलांनी पायी पाहावं आणि सोबत त्याची माहिती असलेला माणूस असावा.

आपला पन्हाळाच घ्या. कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा एक. आपली बहुतेक मुलं तिथं गेलेली असतात, पण झुणका-भाकर खायला नि फोटो काढायला. तिथं दिवसभर शिकण्यासारखं किती आहे बघा. अंबरखान्याच्या तीन कोठारांची नावं गंगा, यमुना, सरस्वती. इथं पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. एक खंडी म्हणजे वीस मण. मग एकूण किती मण? गणित तिथंच उभ्या उभ्या होतं. मग विचारायचं, १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला, तेव्हा गडावर धान्याखेरीज काय लागलं असेल? मुलं 'पाणी' म्हणाली, की त्यांना अंधारबावीकडे न्यायचं. विहिरीवर तीन मजली इमारत का बांधली, हे मग सांगावं लागत नाही. शेवटी पश्चिमेकडं तोंड करून मसाई पठार दाखवायचं. भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले ते याच बाजूनं. शिवा काशीद आणि बाजीप्रभू पुस्तकात वाचलेले असतात. इथं उभं राहिल्यावर ती वाट किती लांबची होती हे कळतं. आणि कवी मोरोपंतांचा जन्म याच पन्हाळ्यावरचा, हे मराठीच्या शिक्षकांनी विसरू नये.

"पण गाईड कुठून आणायचा?" इंग्लंडमधल्या यॉर्क या जुन्या तटबंदीच्या शहरात १९५१ पासून तिथलेच नागरिक पाहुण्यांना पायी फिरवून गाव दाखवतात, तेही एक पैसा न घेता. आपल्याकडे अशी माणसं कमी आहेत का? निवृत्त गुरुजी आहेत, इतिहासाचा नाद असलेले तरुण आहेत, गडावरच्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना तर झाडन् झाड माहीत असतं. शाळेनं आठ दिवस आधी जाऊन विचारायचं, एवढंच.

काही पालक म्हणतील, "पन्हाळा तर आम्हीच दाखवतो की पोरांना!" दाखवत असाल तर आनंदच आहे. मग खिद्रापूरला जाऊ. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताला गोल मोकळी जागा का ठेवली असेल, यावर तासभर बोलता येतं. तेही लांब वाटलं तर कोल्हापुरातच टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली रोमन समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती बघून मुलं विचारतातच, "ही पंचगंगेकाठी आली कशी?" तो प्रश्न पडला की सहल सार्थकी लागली.

आणखी एक गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. माझ्या वर्गातली एक मुलगी दरवर्षी नेमकी सहलीच्याच दिवशी आजारी पडायची. तिसऱ्या वर्षी मला कळलं, की आजार पैशांचा होता. लांबच्या सहलीची वर्गणी जेवढी मोठी, तेवढी अशी 'आजारी' मुलं जास्त. जवळची सहल असेल, शाळेसाठी सवलतीत मिळणारी एसटी असेल आणि डबा घरचा असेल, तर अख्खा वर्ग येऊ शकतो. ज्या सहलीला चार मुलं मागं राहतात ती शाळेची सहल कशी म्हणायची?

तेव्हा पालकहो, यंदाच्या सभेत "किती ठिकाणं?" असं न विचारता "कोण दाखवणार?" आणि "सगळी मुलं येणार ना?" हे दोन प्रश्न विचारा. आम्हा शिक्षकांनाही त्यांची उत्तरं द्यावी लागतील, आणि ती तयारी आम्ही केलीच पाहिजे.