मुक्कामाचे पाणी कोणाच्या मालकीचे?

वाईत कृष्णेवर सात घाट आहेत. जपानच्या ह्योगो प्रांतात, उत्तरेकडच्या समुद्राजवळ, किनोसाकी नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. तिथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. आकडा जुळला हा योगायोग. पण या दोन गावांनी आपले पाणी आणि आपला पाहुणा कसा सांभाळला, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. कोयनेच्या जलाशयाभोवती ‘नवे महाबळेश्वर’ वसवण्याचे आराखडे तयार होत असताना तर ते पाहिलेच पाहिजे.

जपानी भाषेत गरम पाण्याच्या झऱ्याला ओन्सेन म्हणतात आणि त्याच्या काठच्या पारंपरिक निवासाला र्योकान. पाहुणा दुपारी येतो, दारातच जोडे काढतो, गवती चटयांच्या खोलीत चहा घेतो आणि युकाता हा सुती अंगरखा घालून स्नानाला जातो. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच सामाईक कुंडात उतरायचे, हा नियम सर्वांना सारखा. रात्री त्याच परिसरात पिकलेल्या, पकडलेल्या पदार्थांचे जेवण, मग जमिनीवर अंथरलेली गादी. आज हा थाट महाग झाला आहे. मुळात मात्र ही शेतकऱ्यांची आणि आजाऱ्यांची रीत होती. सुगी आटोपली की लोक तांदूळ-भाजी बांधून निघत, झऱ्याकाठी सात-सात दिवसांचे फेरे करत राहत, स्वतः रांधून खात आणि दुखणारे सांधे गरम पाण्यात शेकत. यामानाशी प्रांतातले केइउन्कान हे निवासस्थान इ.स. 705 मध्ये सुरू झाल्याचे सांगतात आणि जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेसच्या नोंदीत त्याचे नाव आहे. इशिकावातले होशी 718 चे मानले जाते. म्हणजे आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते तेव्हापासूनचा हा पाहुणचार.

अशी परंपरा पिढीजात निष्ठेवर टिकली असेल, असे आपल्याला सहज वाटते. किनोसाकीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

23 मे 1925 रोजी तिथे भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या आणि गाव बेचिराख झाले. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभे केले ते लाकडी निवासस्थाने, ओढ्याकाठची झाडे आणि सार्वजनिक स्नानगृहे यांच्यासह. दोनच वर्षांनी एका निवासस्थानाने आपल्या आवारात खासगी गरम पाण्याचे कुंड काढले आणि वादाला तोंड फुटले. पाणी जमिनीखाली एकच. एकाने ते आपल्या अंगणात ओढले तर उद्या दुसरा ओढेल, परवा तिसरा, आणि रस्त्यावरची स्नानगृहे ओस पडतील, ही गावाची भीती होती. वाद न्यायालयात गेला, मध्ये महायुद्ध होऊन गेले, आणि 1950 मध्ये तडजोड झाली. गरम पाण्यावर गावाच्या सामाईक संस्थेचा हक्क मानला गेला. निवासस्थानांत कुंडे असू शकतील, पण लहान. पुढे साऱ्या उगमांचे पाणी एकत्र करून गावभर नळाने वाटण्याची व्यवस्था झाली. म्हणून आजही तिथला पाहुणा खोलीत न राहता लाकडी खडावा घालून रस्त्यावर येतो आणि एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातो. स्टेशन हे घराचे दार, रस्ते म्हणजे ओसरी आणि निवासस्थाने म्हणजे खोल्या, अशीच त्या गावाची स्वतःबद्दलची समजूत आहे.

तेवीस वर्षे भांडून गावाने स्वतःला नियम घालून घेतला. पाहुणचार टिकला तो या नियमामुळे.

आता आपल्याकडे वळू. सातारा-सांगलीत गरम पाण्याचे झरे नाहीत. ते सह्याद्री उतरल्यावर कोकणात भेटतात: महाडजवळ साव, दापोलीत उन्हवरे, संगमेश्वरात तुरळ, राजवाडी, आरवली, राजापूरजवळ उन्हाळे. पण पाण्याच्या काठी, बरे होण्यासाठी, नेमाने मुक्काम करण्याची रीत या दोन जिल्ह्यांत जुनी आहे. पलूस तालुक्यातले औदुंबर घ्या. नृसिंह सरस्वतींनी तिथे चातुर्मास केला, अशी श्रद्धा. दुखणे हटत नाही, मन थाऱ्यावर नाही, अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे ‘सेवेला राहतात’. पहाटे कृष्णेत स्नान, मग प्रदक्षिणा, एकवेळचे जेवण, रात्री आरती. ठरल्या दिवसांचा हा नेम आणि जपानी शेतकऱ्याचा सात दिवसांचा फेरा यांत श्रद्धेचा फरक असेल, पण दिनक्रम सारखाच आहे: नेहमीचे काम बाजूला ठेवायचे, पाण्याच्या सान्निध्यात राहायचे आणि शरीराला त्याच्या गतीने सावरू द्यायचे. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याशी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव जोडले गेले तेही एका दुखण्यातून. आजारपणात ते तिथे आले, दर्ग्यात गायले, बरे झाले आणि मिरजकर झाले, अशी आठवण सांगतात. उरुसात आजही तिथे गाणे होते.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर तर पाणी आणि निवास एकाच दगडी वास्तूत बांधल्याचा दाखला आहे. शके 1641 ते 1646 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी विहिरीवर मोटा चालायच्या, आमराईला पाणी जायचे आणि त्याच बांधकामात पाण्यावर उघडणारा छोटा महाल आहे. उन्हाळ्यात तिथला गारवा अनुभवला की गरम पाण्याऐवजी थंड पाण्याभोवतीही विसाव्याची एक पूर्ण संस्कृती उभी राहू शकते, हे पटते. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याला जोडून घाट, वाईत रास्त्यांनी बांधलेली मंदिरे आणि घाट, माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा. नदीला जिथे पायऱ्या बांधल्या तिथे उतरायला धर्मशाळा, मठ किंवा वाड्याची ओसरी होतीच.

यातला बराचसा भाग कोसळला, आणि त्याची कारणे नीट पाहायला हवीत. धर्मशाळा आणि अन्नछत्रे चालत ती इनामांवर आणि सरदारांच्या देणगीवर. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य डलहौसीने खालसा केले, पाठोपाठ इनाम कमिशन आले आणि देणाऱ्याचाच हात आखडला. घाट दगडाचे म्हणून राहिले. पण वाईत दगडापलीकडेही काही राहिले. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड: प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव आजही वेगळ्या तिथीला, पाळीपाळीने होतो. त्याचा उगम परंपरा अफजलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी जोडते. राज्ये गेली, सरदार गेले, तरी उत्सव चालला, कारण तो आळीचा होता. वर्गणी आळीची, पंगत आळीची. किनोसाकीच्या सामाईक स्नानगृहांशी खरे नाते जुळते ते इथे.

मग महाबळेश्वर. सर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून ते इंग्रजांच्या ताब्यात घेतले आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. गोऱ्या अंमलदारांना उन्हाळा सोसवेना, आजारी सैनिकांना थंड हवा हवी, हा हेतू. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचे उगम मानलेले क्षेत्र महाबळेश्वर एका बाजूला राहिले आणि माल्कमपेठ ही नवी वसाहत दुसरीकडे वाढली. यात्रेकरूंचा मुक्काम आणि साहेबांचा मुक्काम यांचा एकमेकांशी संबंधच आला नाही. पुढे जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली, सिल्व्हर ओक लावले. 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे क्षयरुग्णांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढले. मिरजेत विल्यम वानलेस यांचे रुग्णालय 1894 पासून चालू होते आणि वानलेसवाडीत क्षयाचे आरोग्यधाम उभे राहिले. ही कामे मोठी होती. हजारो कुटुंबांचे त्यांच्याशी ऋणानुबंध आहेत. पण औषधे आली, क्षयासाठी महिनोन्‌महिने राहण्याची गरज संपली, आणि ज्या डोंगरावर माणसे बरी होण्यासाठी राहत तिथे ती दोन रात्रींसाठी येऊ लागली.

त्याच काळात जपानमध्येही पाश्चात्त्य वैद्यक आले होते. एर्विन बेल्झ हा जर्मन डॉक्टर 1876 मध्ये तोक्योत शिकवायला गेला. त्याने कुसात्सूच्या झऱ्यांचा अभ्यास केला आणि तिथल्या जुन्या स्नानपद्धतीचे मोल जगाला सांगितले. नव्या विद्येने तिथे जुन्या मुक्कामाला दुजोरा दिला. आपल्याकडे नवी विद्या आली ती राज्यकर्त्यांबरोबर, आणि तिने शेजारी नवे गाव वसवले. औदुंबरची सेवा आणि बेल-एअर यांची गाठ कधी पडली नाही. आपले खरे नुकसान तिथे झाले, असे माझे मत आहे.

मात्र आपल्या घाटांची थोरवी गाताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. 1901 मध्ये साताऱ्यात राहणारे बाल भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसोबत, खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही आणि मुलांनी टोलनाक्याजवळ उपाशी रात्र काढली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. कृष्णा-कोयनेच्या मुलखात, इतक्या घाटांच्या आणि विहिरींच्या प्रदेशात, लहान मुलांना घोटभर पाणी आणि रात्रीचा आसरा मिळाला नाही. जुना पाहुणचार पुन्हा उभा करायचा म्हणणाऱ्याने आधी ही रात्र आठवावी. आळीचे ते आळीचे, पण आळीत कोणाला प्रवेश होता?

जपानही यातून सुटलेला नाही. 2003 मध्ये कुमामोतो प्रांतातल्या कुरोकावा या झऱ्यांच्या गावातील एका हॉटेलने बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांना मुक्काम नाकारला. देशभर संताप उसळला आणि पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद पडले. फरक इतकाच की तिथे हा प्रकार खपवून घेतला गेला नाही.

त्याच कुरोकावाने दुसरा धडाही दिला आहे. 1980 च्या दशकात ते मोडकळीला आले होते. मग तिथल्या निवासचालकांनी मिळून ठरवले: स्वतंत्र जाहिरातींचे सुमारे दोनशे फलक काढून टाकायचे, मोकळ्या जागी रानातली झाडे लावायची, आणि 1986 पासून एक लाकडी परवाना द्यायचा, जो घेऊन पाहुणा कोणत्याही तीन निवासस्थानांच्या कुंडांत स्नान करू शकेल. गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाऊ देणे हाच त्यांचा धंदा झाला आणि गाव वर आले. सगळीकडे असे झाले नाही. जपानमध्ये 1980 च्या सुमारास 80 हजारांवर असलेली र्योकान आता 40 हजारांच्या खाली आली आहेत. मुले शहरात गेली, वारस उरले नाहीत. खुद्द केइउन्कानची धुरा घराण्याबाहेरच्या माणसाकडे गेली.

आता आपल्या दारातला प्रश्न. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे. तरी डोंगर पोखरून, ओढे वळवून बांधकामे होतच आहेत. त्यात महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे नव्या महाबळेश्वराचे नियोजन सोपवले गेले असून सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील 235 गावांचा आराखडा पुढे आला. यातली कित्येक गावे कोयना धरणाने एकदा उठवलेली, पुढे व्याघ्र प्रकल्पाने आक्रसलेली. या लोकांनी जमीन विकून, त्याच जमिनीवरच्या हॉटेलात चाकरी करायची का? आणि खाली सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाते आहे, तिथे घाटावर कोणत्या तोंडाने पाहुणा बोलवायचा?

माझी मागणी सरळ आहे. या आराखड्यात पाण्याचा हक्क आधी लिहावा, इमारतींचा नंतर. झरा, ओढा, विहीर ग्रामसभेच्या मालकीची असावी. बाहेरच्या गुंतवणुकीला ती वापरायची तर मोजून, मोबदला देऊन आणि ग्रामसभेने घातलेल्या मर्यादेतच. मुक्कामाचा पहिला परवाना गावातल्या घरांना मिळावा आणि तिथे जात, धर्म, आजार यांवरून कोणालाही नकार देणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी रद्द व्हावा. वाईच्या घाटांना, लिंबच्या विहिरीला, औदुंबरच्या काठाला दुरुस्तीचा निधी पर्यटनावरच्या करातूनच मिळावा. जपानमध्ये स्नान करणाऱ्या पाहुण्याकडून साधारण 150 येन कर स्थानिक संस्था घेते आणि तो झऱ्यांची निगा, स्वच्छता अशा कामांना लावते. आणि सांगली महापालिकेने शेरीनाल्याचा एकही थेंब शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये.

आराखड्याच्या गावांतल्या ग्रामसभांनी हे ठराव आताच करावेत. जमिनी विकून झाल्यावर ठराव करायला तिथे गाव उरणार नाही.