एक ओळ की दोन? यंत्राचं उत्तर वाचायला शिकवा

आदिलाबादच्या बाजारात कापसाची गाडी आली की ओलावा कुणी नजरेनं ठरवत नाही, मीटर लावतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बाराच्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेत नाही. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ भागातल्या मराठी घरांतली मुलं हे जाणून असतात. प्रोग्रामिंगचे नियम मात्र तोंडीच फिरतात: दोन व्हेरिएबल एकाच ओळीत डिक्लेअर करा, प्रोग्राम वेगानं चालतो. इथंही मीटर लावता येतं आणि ते पहिल्या वर्षीच शिकवलं पाहिजे.

लुआ ही भाषा घ्या, १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोतल्या विद्यापीठात तयार झालेली. आपण लिहिलेलं ती आधी बाइटकोडच्या बारीक आज्ञांत बदलते आणि सोबतच्या ‘लुआक’ला सांगितलं की त्या आज्ञांची यादी पडद्यावर येते. ‘अ’ला १ आणि ‘ब’ला २ एका ओळीत द्या वा दोन ओळींत, लुआ ५.४ मध्ये आज्ञा त्याच: पहिल्या रजिस्टरमध्ये १, दुसऱ्यात २. किंमत न देता लागोपाठ नुसती नावं डिक्लेअर केली तर कंपायलर स्वतःच दोन्हींची मिळून एक आज्ञा करतो. वेगाचा दावा इथंच गळून पडतो. पण ‘ब’ची किंमत ‘अ’वरून घ्यायची असेल तर गोष्ट पालटते. एका ओळीत लिहिलं तर उजवीकडचा ‘अ’ हा बाहेरचा, जुना. दोन ओळींत लिहिलं तर नुकताच डिक्लेअर केलेला. सारख्या दिसणाऱ्या ओळींचा अर्थच वेगळा निघतो, आणि मुलांनी डोळे उघडे ठेवायचे ते इथं. वेगाच्या फुकट काळजीत नेमकं हेच निसटतं.

आवृत्ती बदलली की यादीही बदलते, मग हे शिकून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. पायथॉन ३.८ मध्ये एका ओळीत लिहिलं की (१, २) ही जोडी उचलून मग सोडवली जाते, दोन ओळींत एकेक किंमत ठेवली जाते. भाषेगणिकही उत्तर बदलतं, हे खरंच. म्हणूनच पाठ केलेला नियम टिकत नाही, तपासायची सवय टिकते. नवशिक्यांना हे जड जाईल, ही शंका रास्त आहे, पण चार-पाच आज्ञांची यादी वाचायला एक तास पुरतो. शिक्षकांनी दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा.