मजूर पक्ष कोणाचा?

१९०० साली लंडनमध्ये कामगार संघटनांनी आणि समाजवाद्यांनी संसदेत आपली माणसे पाठवण्यासाठी समिती स्थापन केली. तिचाच पुढे ब्रिटनचा मजूर पक्ष झाला. त्याच पक्षाच्या ताब्यात तेव्हा असलेल्या बर्मिंगहॅम महापालिकेविरुद्ध कचरा कामगारांनी पगारकपातीवरून मार्च २०२५ मध्ये बेमुदत संप पुकारला आणि जुलैत याच वादातून त्यांच्या ‘युनाइट’ संघटनेने तत्कालीन उपपंतप्रधान अँजेला रेनर यांचे सदस्यत्व निलंबित केल्याचे जाहीर केले. पक्षाचे समर्थक २०२५ च्या रोजगार हक्क कायद्याकडे बोट दाखवतात. ते रास्तच आहे. संपकाळात किमान सेवा देण्याची २०२३ ची सक्ती याच कायद्याने मोडीत काढली. पण अन्यायकारक बडतर्फीपासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण देण्याचे जाहीरनाम्यातले वचन सहा महिन्यांवर आले. आधी दोन वर्षे थांबावे लागे, म्हणजे फायदाच झाला, असे म्हणता येईल. तडजोडीला काही संघटनांची संमतीही होती. तरीही मतदाराला दिलेला शब्द मालकवर्गाच्या दबावापुढे आखडतो, हे कामगार विसरत नाही. दिवाळखोरीच्या छायेतल्या बर्मिंगहॅम महापालिकेची अडचण खरी होती, पण तिची किंमत सफाई कामगाराच्या पगारातून वसूल करणे अन्यायाचेच. कायदा करताना हा पक्ष अजून कामगारांचा आहे, पगार देताना नाही.