कंगोरे शोभेचे नसतात!

आपल्या लोकांना उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडललासुद्धा कव्हर. तिथवर माझी काही तक्रार नाही. पण इन्व्हर्टरवर क्रोशाचा रुमाल आणि विहिरीवरच्या मोटारीवर ओलं-सुकं गोणपाट पाहिलं की माझंच डोकं तापतं. (नातेवाईक मंडळींनी अंगावर घ्यायला हरकत नाही, तुमच्यासाठीच लिहितोय!)

अहो, मोटारीच्या अंगावरचे ते कंगोरे म्हणजे नक्षी नव्हे. धातूतून उष्णता झरझर वाहते, पण हवा ती उचलून घ्यायला महाआळशी. म्हणून हवेला धातूचा जास्तीत जास्त पृष्ठभाग द्यायचा. चहा बशीत ओतून पिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग कंगोरे दाटीवाटीने का नसतात? कारण प्रत्येकाला हवेचा एक थर चिकटून असतो. फट फार अरुंद झाली की समोरासमोरचे थर एकमेकांना भिडतात आणि हवा तिथेच अडकते. पंखा नसेल तर साधारण 6 ते 10 मिलिमीटर फट लागते, पंखा असेल तर 2-3 मिलिमीटरही पुरते. कंगोरा मुळाशी जाड आणि टोकाला बारीक असतो, कारण टोकाशी पोचेपर्यंत बरीच उष्णता वाटेतच हवेत गेलेली असते.

दिशाही उगाच नसते. आपल्या नगरच्या कायनेटिकची लूना आठवा, 1972 ची. ना पाणी, ना रेडिएटर. सिलिंडरभोवतीचे कंगोरे आणि समोरून येणारा वारा, बस्स. स्कूटरचं इंजिन झाकलं, तर आत पंखा द्यावा लागला. मोटारीचे कंगोरे लांबीच्या दिशेने, कारण मागचा पंखा तसाच वारा फेकतो. इन्व्हर्टर किंवा सोलर पंपाच्या कंट्रोलरमागचे बहुधा उभे, कारण गरम हवा वर जाते. तो कंट्रोलर आडवा टांगला की हवेची वाटच बंद! आणि विहिरीत बुडालेल्या सबमर्सिबलला? कंगोरेच नाहीत. भोवती पाणी असताना हवेची मनधरणी कोण करणार?

आता आमच्या जिल्ह्यातला उन्हाळा घ्या. पारा 40 च्या पुढे, कंगोऱ्यांत चिखल वाळलेला आणि वर गोणपाट. इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मोटार जळते, ऊस आणि घास माना टाकतात, आणि शिव्या कुणाला? तर व्होल्टेजला आणि रिवाइंडिंगवाल्याला. व्होल्टेजचा दोष असतोही, नाही कोण म्हणतो! पण दाब कमी झाला की मोटार जास्त करंट ओढते आणि जास्त तापते. म्हणजे कंगोरे तेव्हा अधिकच मोकळे हवेत.

"मग पावसात भिजू द्यायची का?" असं कुणीतरी विचारणारच. नाही हो! वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. मेन स्विच बंद करून कोरड्या ब्रशने चिखल झाडा, मागच्या पंख्याची जाळी साफ करा. पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

असो. निदान तो क्रोशाचा रुमाल तरी आजच काढा. टीपॉयवर जास्त शोभेल.