विकास आराखड्यातला ओढा : हवामान बदलाचा धडा आपल्याच गावच्या नकाशात



दरवर्षी ५ जूनला आपण पर्यावरण दिन साजरा करतो. शाळा नुकती उघडणार असते किंवा उघडलेली असते. रोपं लावतो, फोटो काढतो, पुढे पोस्टर स्पर्धा घेतो. मुलं वितळणारा बर्फ आणि अस्वल काढतात. चित्रं छान असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या वर्षी त्याच आठवड्यात आमच्या गावच्या नगरपरिषदेची एक जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली होती. "प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करण्यात येत असून नागरिकांनी हरकती व सूचना सादर कराव्यात." बारीक अक्षरातली ती सूचना आमच्या स्टाफरूममध्ये कोणीच वाचली नाही. मीसुद्धा नाही. मी भूगोल शिकवतो, तरीही.

आज मला असं ठामपणे वाटतं की, आपल्या गावापुरता हवामान बदलाचा खरा निर्णय त्या नकाशात होतो. तो नकाशा वाचायला आपण शिकलं पाहिजे आणि मुलांनाही शिकवलं पाहिजे.

विकास आराखडा म्हणजे काय?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने प्रत्येक महानगरपालिकेला आणि नगरपरिषदेला आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावा लागतो. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती दुकानांसाठी, कोणती कारखान्यांसाठी, कोणती शेतीसाठी हे त्यात ठरतं. रस्ते, शाळा, दवाखाने, बागा, मैदानं यांची आरक्षणं त्यात पडतात. आपण बोलताना "पिवळा पट्टा", "हिरवा पट्टा" म्हणतो ते सगळं इथूनच येतं.

आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो. म्हणजे आज पहिलीत असलेलं मूल पंचविशी ओलांडेल तेव्हा त्याची मुदत संपेल. एवढ्या काळात ते मूल कोणत्या रस्त्याने शाळेत जाणार, कुठे खेळणार, त्याच्या घरात पाणी शिरणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या कागदावर ठरतं.

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) घटनेत बारावी अनुसूची आली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे. नगर नियोजन, जमीन वापराचं नियमन आणि पर्यावरणाचं संरक्षण हे तिन्ही विषय त्या एकाच यादीत आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण ही घटनादुरुस्ती पाठ करून घेतो. पण हे तीन विषय एकमेकांना बांधलेले आहेत, हे सांगायचं राहून जातं.

एका गुंठ्याचं गणित

हवामान बदल म्हणजे फक्त तापमानवाढ नव्हे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात जास्त कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे.

आता हे गणित वर्गात करून बघा. मुलांना आवडतं.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? सुमारे १०,१०० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ४० टँकर. शेत असेल तर त्यातलं बरंचसं पाणी मुरतं, उरलेलं सावकाश वाहतं. त्याच एकरावर सिमेंटचे रस्ते, फरशा आणि स्लॅब आले, की जवळजवळ सगळे टँकर एकदमच ओढ्याकडे धावतात. आणि त्याच वेळी आपण ओढा अरुंद केलेला असतो.

पाऊस किती पडावा हे नगरपरिषदेच्या हातात नाही. ते टँकर कुठे जिरणार आणि कुठून वाहणार, हे मात्र नक्की तिच्या हातात आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात कोणतंही शहर अडचणीत आलंच असतं. पण मिठी नदीच्या काठी भराव आणि बांधकामं झालेली नसती, तर हानी एवढी झाली नसती, हेही तितकंच खरं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ज्याला लोक नाला समजत होते, त्याने एका रात्रीत आपण ओढा असल्याचं दाखवून दिलं.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठच्या गावांत पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी मिळते.

इथे मुलांनी विचारावा असा एक प्रश्न आहे : हे "२५ वर्षांतून एकदा" कशावरून काढलं? मागच्या नोंदींवरून. पण पाऊसच बदलत असेल तर? कोल्हापूर-सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. त्या पुरांमागे धरणांपासून रस्त्यांच्या भरावापर्यंत अनेक कारणं सांगितली जातात, त्यात मी जात नाही. माझं म्हणणं एवढंच की, जुन्या पावसावर आखलेली रेषा पुढच्या २० वर्षांच्या आराखड्यात जशीच्या तशी उचलणं धोक्याचं आहे. आणि लहान ओढ्यांना तर बहुतेक ठिकाणी पूररेषा आखलेलीच नसते.

आमच्या वर्गात काय झालं

आठवीच्या भूगोलात 'भूमी उपयोजन', 'नकाशाप्रमाण' आणि 'क्षेत्रभेट' हे तीन पाठ आहेत. मी ते वर्षानुवर्षं वेगवेगळे शिकवत आलो. गेल्या वर्षी एका पालकांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या प्रारूप आराखड्याचा फोटो टाकला आणि मला वाटलं, तिन्ही पाठ एकत्रच घेऊन बघू.

नकाशा मोठा छापून आणला. मुलांनी आधी शाळा शोधली, मग आपापली घरं. मग एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या शाळेमागचा ओढा कुठंय?"

ओढा होता. पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढे त्या जागी एक रस्ता दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याच्या कडेने चालत गेलो. जिथे वरून शेतातून ओढा येतो, तिथे त्याची रुंदी मुलांच्या मोजणीने तेरा पावलं भरली. नव्या प्लॉटिंगच्या मागे ती पाच पावलांवर आली. पुढे तर नुसता पाइप. विद्यार्थिनीच्या आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी मंदिराच्या पाराकडे बोट करून सांगितलं, "माझं लग्न होऊन आले त्या साली पाणी हिथवर आलं हुतं." आराखडा करण्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करतात. सर्वेक्षण झालं ते उन्हाळ्यात. तेव्हा ओढा कोरडा, कडेला भराव टाकलेला. मोकळी जागा म्हणून त्याची नोंद झाली असावी, असा माझा अंदाज आहे. आजींना मात्र कोणी विचारलंच नाही.

पालकांची बाजूही ऐकू या

मुलांनी घरी जाऊन हे सांगितलं आणि दोन दिवसांनी एक पालक शाळेत आले. त्यांचं दीड एकर वावर ओढ्याला लागून आहे. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे. पण माझं रान हिरव्या पट्ट्यात अडकलंय. शेजारच्याचं पिवळ्यात गेलं, त्याचा भाव कुठल्या कुठं गेला. पोरीला पुढं शिकवायचंय. गावाचा ओढा वाचवायचा, तर तो माझ्या एकट्याच्या पोटावर का?"

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण हीच या विषयातली खरी हरकत आहे. पर्यावरणाचं रक्षण सगळ्यांसाठी आणि त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी, असं असेल तर तो विरोध करणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कायद्यातली गोम अशी की, नुसतं आरक्षण टाकून ओढा वाचत नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर ते आरक्षण रद्द होतं. मोठ्या शहरांत मोबदला म्हणून टीडीआर देतात, पण लहान गावात त्याला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील. म्हणून माझं मत असं की, हरकत लिहिताना "ओढा वाचवा" एवढंच लिहू नये. "ओढ्याच्या दोन्ही काठांच्या पट्ट्यासाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद करा आणि मालकांना वेळेत मोबदला द्या," हेही लिहावं. पैशाशिवायचं आरक्षण म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग, दुसरं काही नाही.

आणि आता माझं स्वतःचं. नऊ वर्षांपूर्वी मी दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला, तो याच ओढ्याच्या कडेला. स्वस्त होता. का स्वस्त होता, हे भूगोलाच्या शिक्षकाने विचारलं नाही. गुंठेवारी आज ना उद्या नियमित होते, असं सगळे म्हणत होते. क्षेत्रभेटीत ज्या ठिकाणी पाच पावलं भरली, तिथून माझं कुंपण दिसतं. मुलांना ते सांगताना माझी मान खाली गेली होती. म्हणून हा लेख "लोकांना कळत नाही" असं म्हणणाऱ्याचा नाही.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

१. नगरपरिषदेतून किंवा तिच्या संकेतस्थळावरून आपल्या गावचा विकास आराखडा मिळवा. जुना, मंजूर असला तरी चालेल. वर्गाच्या भिंतीवर लावा.

२. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा जुना गाव नकाशा शेजारी ठेवा. कोणते ओढे, तळी, पाणंद रस्ते दिसेनासे झाले, ते मुलांना शोधू द्या.

३. क्षेत्रभेट दूरच्या किल्ल्यावरच हवी असं नाही. एक तरी भेट शाळेजवळच्या ओढ्याची असू द्या. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ नको.

४. गावातल्या वयस्कर माणसांना पुराच्या खुणा विचारा आणि नकाशावर नोंदवा.

५. हरकती-सूचना मुलांच्या नावाने नकोत. हे काम आपण मोठ्यांनी, गावचे रहिवासी म्हणून करायचं. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या, सर्व्हे नंबर लिहा, नकाशाची प्रत जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका. नियोजन समितीसमोर सुनावणी होते, तिला जरूर जा.

६. ग्रामपंचायत असेल तर असा आराखडा नसतो. तिथे प्रादेशिक योजनेत आपल्या गावाची जमीन कोणत्या विभागात आहे ते बघा आणि ग्रामसभेत ओढे, गायरान, तळी यांचा विषय घ्या.

शेवटी

आम्ही बावीस पालक आणि तीन शिक्षकांनी हरकत दिली. ते दीड एकरवाले पालकही सही करायला आले, मोबदल्याचा मुद्दा वाचून घेतल्यावर. सुनावणीत मला चार मिनिटं मिळाली. "नोंद घेतली आहे," असं सांगण्यात आलं. आराखडा अजून मंजूर झालेला नाही. ओढा नकाशावर परत येईल की नाही, हे मला माहीत नाही. मी माझ्या प्लॉटचं ओढ्याकडचं कुंपण मागे घेतलंय. घर बांधायचं की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. जरूर लावा. पण ते झाड ज्या जमिनीवर लावतोय, तिचा आराखड्यात रंग कोणता आहे, हे आधी बघून घ्या. रस्ता असेल, तर दहा वर्षांनी ते तुटणार आहे आणि तेव्हा ते लावणारी मुलं आपल्याला विचारतील, "सर, तुम्हाला माहीत होतं का?"

तुमच्या गावचा आराखडा तुम्ही शेवटचा कधी पाहिला?